एक लाख अकरा हजार आणि एक मामा

कॉलेज संपल्यावर तुम्ही कॉलेजच्या ग्राउंडवर शेवटचे कधी गेला होतात? गेट-टुगेदरसाठी नाही, कँटीनचा वडा खायला नाही, आणि 'इथे आमची बाइक लागायची' हे दाखवायलाही नाही. ग्राउंडवर आपल्या कॉलेजची मुलं खेळतायत आणि आपण बोंबलून बोंबलून घसा बसवलाय, असं? आठवत नाही ना? टेन्शन घेऊ नका. मी हाच प्रश्न आमच्या जुन्या ग्रुपवर टाकला तेव्हा एकाने उलट मलाच विचारलं, "आपल्या कॉलेजला टीम होती?"

आता याचं एकदम दुसरं टोक बघा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात एक गाव आहे. गावाचं नावच मुळी 'स्टेट कॉलेज'! 2020 च्या जनगणनेत या गावाची वस्ती भरली साधारण चाळीस हजार. आणि तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाचं स्टेडियम किती सीट्सचं? 2024 च्या मोसमात 1,06,572. गावातलं तान्हं बाळसुद्धा आत नेऊन बसवलं तरी निम्म्याहून जास्त स्टेडियम रिकामं राहील. पण ते रिकामं राहत नाही. 2 नोव्हेंबर 2024 ला ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या मॅचला तिथे 1,11,030 माणसं होती. क्षमतेपेक्षा साडेचार हजार जास्त! आणि बघायला काय आले होते? कॉलेजची मॅच. वर्ल्ड कप नाही, आयपीएल नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर 'आंतरमहाविद्यालयीन'.

हे सगळं मला कळलं माझ्या मावसभावामुळे. स्वारी नांदेडला इंजिनीअरिंग करून तिकडे एमएस करायला गेली. गेल्यावर पहिल्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर बर्फाचे फोटो येतील असं आम्हाला वाटलं होतं. आले ते स्टेडियमचे. क्रिकेटचासुद्धा फारसा नाद नसलेला हा मुलगा, पण सहा महिन्यांत पांढरा टी-शर्ट घालून, गालावर रंग फासून 'वी आर...' असं ओरडायला लागला. त्यांचा फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा चेंडू पायापेक्षा हातातच जास्त आणि अंगावर चिलखत. नियम त्याला अजून धड सांगता येत नाहीत. मी विचारलं, "मग एवढं काय आवडतं रे?" तर म्हणाला, "अगं, लाखभर लोक एकाच कॉलेजचे असतात. त्या दिवशी मीपण त्यांचा असतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग मी जरा खोदकाम सुरू केलं. (फ्रीलान्सरला एवढा एकच फायदा असतो, बॉस 'हे कशाला करतेयस' विचारत नाही.)

शेतकऱ्यांची शाळा, लाखाची गॅलरी

पहिला धक्का. पेन स्टेटची सुरुवात 1855 मध्ये झाली ती 'फार्मर्स हायस्कूल' म्हणून. चक्क शेतकऱ्यांच्या पोरांची शाळा! आपल्या परभणीला 1972 मध्ये कृषी विद्यापीठ निघालं, तिचीच ही लांबची थोरली बहीण म्हणा. अमेरिकेतली अशी बरीच विद्यापीठं मोठ्या शहरांपासून दूर, शेतांच्या मधोमध उभी राहिली. आसपास ना प्रोफेशनल टीम, ना नाटक-सिनेमाची चैन. मग शनिवारी दुपारी करायचं काय? कॉलेजची मॅच बघायची. आज शिकणारे आले, शिकून गेलेले आले, त्यांची मुलं आली, आणि ज्यांनी कॉलेजची पायरी कधी चढली नाही ते आजूबाजूचे शेतकरीही आले.

दुसरा धक्का पैशांचा. मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम 1927 मध्ये उघडलं. आज त्याची क्षमता 1,07,601 आहे. त्यासाठी तेव्हा पाचशे-पाचशे डॉलर्सचे तीन हजार रोखे विकले. कोणी घेतले? लोकांनी. आणि 2020 चा कोविडचा मोसम सोडला तर 1975 पासून तिथल्या प्रत्येक होम मॅचला लाखाच्या वर माणसं असतात. इलिनॉयमध्ये 1923 मध्ये उघडलेल्या मेमोरियल स्टेडियमच्या खांबांवर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. म्हणजे गेलेल्या मुलांची आठवण म्हणून बांधायचं काय, तर जिवंत मुलांना खेळता येईल अशी जागा. मला हे फार ग्रेट वाटलं.

आणि पेन स्टेटची गोष्ट तर आपल्या एसटी स्टँडच्या स्थलांतरापेक्षा भारी. त्यांचं जुनं स्टेडियम कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला होतं. 1959-60 मध्ये त्यांनी लोखंडी गॅलरीचे सातशे तुकडे केले, मैलभर लांब नेले, पुन्हा जोडले आणि वर हजारो सीट्स वाढवल्या. 1978 मध्ये हेच स्टेडियम कापून जॅक लावून वर उचललं आणि खाली आणखी रांगा घातल्या. आपल्याकडे कॉलेजच्या पार्किंगचा पत्रा बदलायचा तर तीन मीटिंगा होतात!

2024 च्या मोसमात अमेरिकेत लाखावर क्षमतेची आठ कॉलेज स्टेडियम्स होती. त्यांच्या प्रोफेशनल लीगमधल्या एकाही स्टेडियमची नेहमीची क्षमता लाखाला पोचत नाही. थोडक्यात, पगारी खेळाडूंपेक्षा कॉलेजच्या पोरांना बघायला जास्त जागा.

पण सगळंच गोड नाही हं

इथपर्यंत वाचून 'व्वा, काय तो देश' असं वाटत असेल तर थांबा. ही गॅलरी ज्यांच्या जिवावर भरते त्या मुलांना कैक वर्षं स्कॉलरशिपपलीकडे कमावण्याची मुभा नव्हती. कोच करोडोंमध्ये खेळणार, टीव्हीवाले खेळणार, आणि खेळणारा मात्र 'विद्यार्थी' म्हणून हात हलवत घरी. आपल्या नावावर, फोटोवर पैसे कमवायची परवानगी त्यांना मिळाली ती 2021 मध्ये. विद्यापीठाने कमाईतला वाटा थेट खेळाडूंना द्यायचा हे ठरायला 2025 उजाडलं.

आणि याच पेन स्टेटमध्ये 2011 मध्ये जे बाहेर आलं ते वाचताना पोटात कालवतं. फुटबॉल टीमच्या एका माजी सहायक कोचवर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले, 2012 मध्ये ते कोर्टात सिद्ध झाले. ज्यांना लोक देव मानायचे त्या हेड कोच जो पॅटर्नो यांना विद्यापीठाने काढलं. पुढच्या वर्षी स्टेडियमबाहेरचा त्यांचा पुतळा हलवला. गॅलरी इतकी उंच झाली की तिच्या सावलीत काय चाललंय ते वेळेवर कोणी बघितलं नाही. तेव्हा तिकडून सगळंच उचलून आणायची गरज नाही. उचलायचं ते एकच, आणि ते काय हे सांगायला मला आधी आपल्याकडे यावं लागेल.

आपलं कॉलेज स्टेडियम

आपल्याकडे कॉलेज स्टेडियम नाहीच असं मात्र म्हणू नका. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम काय आहे? एका शिक्षणसंस्थेच्या कॅम्पसमध्येच उभं आहे ते. हाफीज काँट्रॅक्टर यांचं डिझाइन, मध्ये खांब येणार नाही असं छत, साधारण पंचावन्न हजारांची क्षमता. मार्च 2008 मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी पहिल्या आयपीएलची फायनल तिथे झाली. 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या मॅचेस झाल्या. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेने तीन रात्री तिथे धमाल केली. (तिकीट न मिळालेल्यांनी इथे एक उसासा टाकावा.) आणि 2 नोव्हेंबर 2025 ला हरमनप्रीतच्या टीमने साउथ आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप उचलला तोही इथेच. सांगलीची स्मृती, मुंबईची जेमिमा, आणि समोर निळ्या जर्सीतलं सगळं नेरूळ. अंगावर काटा आला होता ना?

पण गंमत बघा. स्टेडियम कॅम्पसमध्ये आहे, पण ते भरतं बाहेरून आलेल्या स्टार्ससाठी. त्या कॅम्पसमध्ये शिकणारा एखादा मुलगा उद्या तिथे इंटर-कॉलेज मॅच खेळला तर पन्नास हजार सोडा, पन्नास जण येतील का? यात संस्थेचा काय दोष? जाणार नाही ते आपण. आपण स्टार बघायला जातो. स्टार होण्याच्या आधी त्याला बघायला कोणी जात नाही.

अपवाद एकच मला माहीत आहे, कोल्हापूर. तिथल्या शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम अशी फुटबॉल मॅच असली की अख्ख्या पेठा लोटतात. खेळणारा कोण, तर गल्लीतलाच कोणाचा तरी पोरगा. 'अरे आपल्या अमक्याचा धाकटा' असं म्हणत लोक तिकीट काढून बसतात. 2017 च्या त्या ज्युनिअर वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, हे सांगायला नकोच. कोल्हापूरकरांना स्टेट कॉलेज गावाची गोष्ट सांगितली तर ते म्हणतील, 'त्यात काय विशेष?'

बाकीच्या महाराष्ट्रात मात्र... चला, तुम्हाला बिलोलीला नेते.

पहाटे पाचचा किकऑफ

बिलोली कुठे आहे असं पुण्यात कोणी विचारलं की मी आधी 'नांदेड' म्हणते, मग 'तेलंगणाच्या बॉर्डरला' म्हणते. तिथे माझं आजोळ. मामाची मुलगी एकवीस वर्षांची आहे आणि पोलिस भरतीची तयारी करतेय. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या कुठल्याही गावात पहाटे जा, कॉलेजच्या किंवा झेडपी शाळेच्या ग्राउंडवर तुम्हाला अशी पोरंपोरी पळताना दिसतील. फक्कीने आखलेला ट्रॅक, तोही पावसात पुसलेला. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीला पन्नास मार्क, लेखीला शंभर. या मुलांच्या भाषेत त्या चाचणीचं नावच 'ग्राउंड'. "तुझं ग्राउंड निघालं का?" हा प्रश्न तिथे "जेवलीस का?" इतक्या सहज विचारतात.

2024 च्या भरतीत तिचं ग्राउंड थोडक्यात राहिलं. मी कारण विचारलं. मला वाटलं, ही म्हणेल पाय मुरगळला, नाहीतर ऊन फार होतं. तर म्हणाली, "ताई, तिथं चारी बाजूंनी लोक बघायलते. शिट्टी वाजली अन् पायच उचलेनात."

म्हणजे गावात वर्षभर ती रोज पळाली होती, पण कोणासमोर नाही. अंधारात जायचं, उजाडायच्या आत परत यायचं. उगाच कोणाच्या नजरेत नको, कोणी काही बोलायला नको. तिच्या आयुष्यातला पहिला प्रेक्षक स्टॉपवॉच घेऊन उभा होता!

सप्टेंबर 2025 मध्ये नवरात्राला मी बिलोलीला होते. त्या महिन्यात मराठवाड्यात पावसाने काय हाल केले ते तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. ग्राउंडवर गुडघाभर चिखल. म्हणून पोरी रस्त्यावर पळत होत्या आणि मागून मामा मोटरसायकलचा हेडलाइट लावून सावकाश येत होते, ट्रकवाल्यांना पोरी दिसाव्यात म्हणून. रविवारी पहाटे पाचला आम्ही निघणार, तेवढ्यात मावसभावाचा व्हिडिओ कॉल. तिकडे शनिवारची रात्र, ओरेगनविरुद्ध मॅच, आणि 'व्हाइट आउट'. त्या दिवशी म्हणे सगळ्यांनी पांढरेच कपडे घालून यायचं. स्क्रीनवर नुसता पांढराशुभ्र डोंगर हलत होता. मामांनी फोन हातात घेतला.

"हे सगळे पैसे देऊन बसलेत?"

"हो मामा."

"अन् पळायलेत कोण?"

"कॉलेजची पोरं. हिच्याच वयाची."

मामा बराच वेळ बघत राहिले. मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "मंग आपल्या पोरींला एक तर माणूस पाहिजे की बघायला." आणि गाडीला किक मारली.

ती मॅच पेन स्टेट हरलं, डबल ओव्हरटाइममध्ये, 30-24. आणि पंधरा दिवसांत, बारावा मोसम खेळवत असलेल्या त्यांच्या कोचला नारळ मिळाला. लाखभर लोक बघत असले की असंही होतं.

नजर कोणाची?

मला अमेरिकेकडून उचलायचंय ते हेच. काँक्रीट नको, करोडोंचे कोच नको, पुतळे तर नकोच. गावाने आपल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांकडे बघायला वेळ काढणं, तेवढं फक्त पाहिजे.

कारण 'बघणं' म्हटलं की आपल्याकडे, खासकरून मुलींच्या बाबतीत, दोनच अर्थ निघतात. एक तर टक लावून बघणं, नाहीतर स्थळ म्हणून बघणं. माझ्या बहिणीला दोन्ही चुकवायचेत. या वेळी ग्राउंड निघालं नाही तर मामी फोटो काढायला नांदेडला नेणार आहे, हे तिला माहीत आहे. तिला तिसऱ्या प्रकारचं बघणं कोणी दाखवलंच नाही. 'शाब्बास, आज कालपेक्षा भारी पळालीस' असं म्हणणारं बघणं.

नांदेडला श्री गुरू गोविंद सिंघजींच्या नावाचं स्टेडियम आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 पासून आहे, नांदेड-लातूर-परभणी-हिंगोलीची कॉलेजं त्याच्याखाली येतात. जागा आहेत, मुलं आहेत. आमच्याच जिल्ह्यातल्या, मुखेड तालुक्यातल्या होनवडजच्या भाग्यश्री जाधव गोळाफेक करतात. 28 ऑगस्ट 2024 ला पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर देशाचा झेंडा त्यांच्या हातात होता. त्या रात्री आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवलं, 'आमच्या नांदेडची लेक'. ठेवायलाच पाहिजे होतं. पण पॅरिसला जायच्या आधी त्यांचा सराव बघायला आपल्यातलं कोण, कधी गेलं होतं? मी नाही गेले. तुम्ही?

आपण शहरात आलो आणि कॉलेजची आठवण म्हणून एक ग्रुप, एक रीयूनियनचा टी-शर्ट आणि बायोडेटातली एक ओळ एवढंच उरलं. मावसभाऊ ज्या परक्या कॉलेजात दोन वर्षांसाठी गेला तिथे तो 'त्यांचा' झाला, कारण दर मोसमात सहा-सात शनिवार तिथे जाऊन बसायला जागा होती. जिथे तो वाढला त्या गावात अशी एक पायरीसुद्धा नाही.

आणि खरं सांगू? लागतात किती पायऱ्या? ग्राउंडच्या एका बाजूला तीन पायऱ्या, डोक्यावर एक पत्रा आणि दोन दिवे. माजी विद्यार्थ्यांचा एखादा बरा ग्रुप एका पार्टीचं बिल वाचवून सुरुवात करू शकेल. मिशिगनवाल्यांनीही शेवटी माणसं गोळा करूनच उभं केलं ना! माझ्या जुन्या ग्रुपवर मी हे टाकलंय. तीन थम्स-अप आले आहेत आणि एकाने 'एस्टिमेट काढू' असं लिहिलंय. ज्याने 'टीम होती का' विचारलं होतं, तोच तो!

पायऱ्या होतील तेव्हा होतील. तोवर एक सोपा फंडा. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक दिवस पाचचा अलार्म लावा. झोपेचं खोबरं होईल, होऊ दे, ऑफिसच्या कॉलसाठी उठतोच की आपण. ग्राउंडवर जा. कठड्यावर, दगडावर, गाडीच्या सीटवर, जिथे जागा मिळेल तिथे बसा. मोबाइल खिशातच ठेवा, कोणाचाही व्हिडिओ काढू नका. आणि शेवटच्या राउंडला जो कोणी धापा टाकत, तोंड वेडंवाकडं करत लाइन पार करेल ना, त्याच्यासाठी नाहीतर तिच्यासाठी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवा. मोठ्यांदा.

पहिल्या दिवशी ती पोरं दचकतील. दुसऱ्या दिवशी जोरात पळतील.